रूळ चिकटवताना

सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात आपण काय केलेत, असे कोणी विचारले की आम्ही विषय बदलतो. वाचन केले, थोडे लेखन केले, चर्चच्या कामात हातभार लावला, अशी भारदस्त उत्तरे आमच्या वयाच्या माणसाला शोभतात आणि ती अगदीच खोटी असतात असेही नाही. परंतु खरे उत्तर असे, की त्या वर्षातले जवळजवळ तीन महिने आम्ही चिकटवण्याचे साहित्य निवडण्यात घालवले. तेही घराच्या दारेखिडक्यांसाठी नव्हे, की मोडक्या खुर्चीसाठी नव्हे. लहानग्या आगगाडीचे बोटभर रुंदीचे रूळ एका फळीवर बसवण्यासाठी! हे ऐकून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी "पातळ फेविकॉल लावा आणि मोकळे व्हा" असा सल्ला दिला होता. तो सल्ला योग्य होता हे समजायला आम्हांला सहा वर्षे लागली, आणि समजले तेव्हा ज्यांना तसे सांगायला हवे होते ते थोरले बंधू या जगात राहिले नव्हते.

आगगाडीचे वेड आमच्या घरात आले ते वडिलांकडून. वडील रेल्वेत कीमन होते. घोरपडीच्या बाजूचा काही मैलांचा रस्ता त्यांच्याकडे असे. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातात पाना, कमरेला लाल-हिरवी निशाणे अशा थाटात ते पहाटे निघत आणि रुळांकडे पाहत पाहत आपला टप्पा पायी पुरा करीत. त्या काळी बिडाच्या स्लीपरांत रूळ लोखंडी चाव्यांनी पक्के केलेले असत. गाड्यांच्या हादऱ्यांनी चाव्या सैल होत. त्या ठोकून पुन्हा जागी बसवणे हे कीमनचे काम. चावी बसली की नाही हे वडिलांना आवाजावरून कळे. सुटीच्या दिवशी कधी आम्ही दोघे भाऊ त्यांच्यामागे जात असू. एकदा दादांनी हट्टाने हातोडा मागून घेतला आणि सगळा जोर लावून चावीवर घाव घातला. वडिलांनी हातोडा काढून घेतला आणि म्हणाले, "पोरा, रूळ बांधायचा नसतो, धरायचा असतो. उन्हाळ्यात तो लांबणार, थंडीत आखडणार. त्याला हलायला जागा नाही ठेवलीस तर तो तुला विचारायला येणार नाही."

हे वाक्य आम्ही दोघांनीही ऐकले. त्याचा अर्थ दादांच्या ध्यानात राहिला आणि आमच्या ध्यानात फक्त शब्द राहिले, असे आता वाटते.

नाना पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत नाताळला गव्हाणीचा देखावा मांडला जाई. कागदाचे डोंगर, भुशाची वाट, आरशाच्या तुकड्याचे तळे. एका वर्षी वडिलांनी जुन्या बाजारातून चावीची पत्र्याची आगगाडी आणली आणि ती त्या डोंगराभोवती फिरू लागली. बेथलेहेमला रेल्वे कशी, असा प्रश्न शेजारच्या आजींनी केला तेव्हा दादांनी "मग तीन राजे एवढ्या लांबून आले कसे?" असे उत्तर देऊन त्यांना गप्प केले होते. त्या गाडीचे रूळ आम्ही खळीने पुठ्ठ्यावर चिकटवले. दोन दिवसांत खळीला मुंग्या लागल्या आणि तिसऱ्या रात्री झुरळांनी उरलेली खळ फस्त केली. चिकटवण्याच्या साहित्याशी आमचा संबंध आला तो असा.

पुढे दादा रेल्वेत लागले, आम्ही शिक्षकी पेशात शिरलो, संसार झाले. मधल्या काळात कोथरूडला भाऊ जोशी यांचे लघु रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. पुढल्याच वर्षी आम्ही दोघे मुलांना घेऊन तेथे गेलो; म्हणजे मुले निमित्ताला होती. खोलीभर पसरलेले ते छोटे शहर, पूल, सिग्नल, दिवे मालवल्यावर उजळणाऱ्या खिडक्या आणि त्यांतून बिनचूक धावणाऱ्या गाड्या पाहून मुलांनी टाळ्या वाजवल्या. दादा मात्र वाकून रुळांच्या कडेला पाहत होते. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, "गाड्या कोणीही आणील. रूळ बघितलेस?" त्या दिवशी ठरले, की आपण दोघेही नोकरीतून मोकळे झालो की एक रेल्वे करायची. ते मोकळे होऊन बसले होतेच. आमची पाळी २०१६ साली आली.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या छोट्या गाड्यांची निरनिराळी प्रमाणे असतात. आम्ही घेतले ते एचओ नावाचे, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे. त्याच्या दोन रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर असते. आपल्या देशातल्या रुंद मार्गाचे रूळ १,६७६ मिलिमीटर अंतरावर असतात. त्याला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक येते. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रुळांवर आपली डेक्कन क्वीन चालवायची तर ती सुमारे पावणेतीन मिलिमीटर अरुंद वाटेवरून चालवावी लागते. दादांना हे शेवटपर्यंत खुपत राहिले. रूळ मिळतात ते गजभर लांबीच्या लवचीक पट्ट्यांत. वर निकेल, तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे दोन रूळ आणि खाली प्लास्टिकच्या स्लीपरांची माळ, असे त्यांचे स्वरूप असते. पट्टी हव्या त्या वळणाने वाकवता येते आणि वाकवताना रूळ स्लीपरांतून किंचित सरकतात. मात्र वाकवलेली पट्टी सोडली की सरळ व्हायला पाहते. म्हणून तिला खाली धरून ठेवणारे काही तरी लागते, आणि येथूनच आमच्या कथेला प्रारंभ होतो.

दादांच्या नाना पेठेतल्या घरी मागची खोली रिकामी होती. तेथे दोन फलक जोडून एक रेल्वे करायची असे ठरले. एक फलक दादांचा, एक आमचा. मधोमध दोन्हीकडचे रूळ एकमेकांना मिळायचे. आगगाडी पुण्यापर्यंत १८५८ साली आली, परंतु मधल्या बोरघाटाचे काम १८६३ साली पुरे होईपर्यंत मुंबईकडचा लोहमार्ग आणि पुण्याकडचा लोहमार्ग अशी दोन टोके सुटीच होती. त्यावरून दादांनी आमच्या फलकांच्या सांध्याला 'बोरघाट' असे नाव दिले. "तू मुंबईकडून ये, मी पुण्याकडून येतो," असे ते म्हणाले.

दादांनी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लायवूड आणले आणि त्याला दोन्ही अंगांनी तेलरंगाचे दोन हात दिले. आम्ही काटकसर केली. घरात जुन्या जंगली लाकडाच्या रुंद फळ्या होत्या, त्या शेजारीशेजारी आडव्या जोडून एकसंध फलक केला आणि रंग देण्याचा कंटाळा केला. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आखडते हे सर्वांस ठाऊक असते. ते रेषांच्या दिशेने फारसे हलत नाही, आडव्या दिशेने हलते; आणि प्लायवूडमध्ये पातळ थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असल्याने ते दोन्हीकडे कमी हलते, हे मात्र आम्हांला पुढे शिकावे लागले. आमच्या फलकावर रूळ नेमके आडव्या दिशेने जायचे होते.

मग आला चिकटवण्याचा प्रश्न. आम्ही शिक्षक; प्रश्न आला की त्याचा अभ्यास केल्यावाचून आमचे भागत नाही. बोहरी आळीत चार फेऱ्या मारून मिळतील ते सर्व नमुने जमा केले आणि एका टाकाऊ फळीवर रुळांचे तुकडे निरनिराळ्या साहित्याने चिकटवून ती फळी गच्चीवर ठेवली. दिवसा ऊन, रात्री पाणी शिंपडणे, असा क्रम पंधरा दिवस चालवला. आमच्या सौभाग्यवतींनी या काळात आमच्याशी कमीत कमी संभाषण ठेवले.

डिंक पहिल्याच आठवड्यात निरुपयोगी ठरला. वाळला की ठिसूळ आणि भिजला की पातळ. सरस आमच्या लहानपणी प्रत्येक सुताराकडे असे. जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेला तो पदार्थ शिजवून गरम गरम लावावा लागे आणि त्याचा वास सगळ्या आळीला कळे. १९५९ साली फेविकॉल बाजारात आला आणि सुतारांची ती भट्टी हळूहळू विझली.

फेविकॉल म्हणजे ज्याला आपण नुसते 'पांढरे' म्हणतो ते. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या राळेचे अतिसूक्ष्म कण त्यात पाण्यात तरंगत असतात. या राळेचा शोध १९१२ साली फ्रिट्झ क्लाट्टे या जर्मन रसायनज्ञाने लावला. पाणी उडून गेले किंवा लाकडात मुरले की ते कण एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा होतो. लाकूड, कागद, बूच यांना ते उत्तम धरते, कारण त्यांत ते शिरते. प्लास्टिकला व धातूला मात्र ते मनापासून धरत नाही. वाळायला एक रात्र घेते, तोवर पट्टी टाचण्यांनी किंवा वजनाने दाबून ठेवावी लागते. आणि वाळल्यावरही कोमट पाण्याने बराच वेळ भिजवले तर मऊ पडते. आमच्या वहीत ही शेवटची नोंद आम्ही 'दोष' या रकान्यात केली होती.

झटपट चिकटणारे जे थेंबाथेंबाने मिळते त्याचे शास्त्रीय नाव सायनोॲक्रिलेट. ते १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर यांना दुसरेच काही शोधताना सापडले आणि १९५८ पासून विक्रीस आले. हवेतल्या ओलाव्याने ते क्षणात कठीण होते. बोटांवर ओलावा असतोच. त्यामुळे पहिल्या दिवशी आमचा अंगठा आणि तर्जनी एक झाली. शिवाय ते कठीण होते तसेच ठिसूळही होते आणि सततच्या हादऱ्यांनी तडकते. एखादा तुटलेला स्लीपर जोडण्यास ते चांगले, मार्ग टाकण्यास नव्हे. सिलिकोन वाळताना व्हिनेगरचा वास सोडते व वाळल्यावर रबरासारखे राहते. अगदी पातळ थर पसरून लावले तर ते रूळ छान धरते आणि गाडीचा आवाजही कमी करते. पुढे काढायचे झाल्यास पातळ पात्याने कापता येते. परंतु त्यावर रंग बसत नाही आणि जाड लागले तर स्लीपरांमधून वर येऊन बसते.

आणि शेवटी ते पिवळसर, दाट, उग्र वासाचे साहित्य, जे चपला शिवणारे आणि फॉरमायका बसवणारे वापरतात. ते दोन्ही पृष्ठभागांना लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत सुकू द्यायचे आणि मग दोन्ही एकमेकांवर ठेवायचे. ठेवताक्षणी धरते, मग सरकवता येत नाही, उचलता येत नाही. गच्चीवरच्या फळीवर पंधरा दिवसांनंतर आम्ही पकडीने ओढून पाहिले, तर त्या तुकड्याचे स्लीपर तुटले पण जागचे हलले नाहीत. आमचा निर्णय झाला. अभ्यासाअंती जो सर्वांत बलवान ठरला तो सर्वांत योग्य, असे आम्हांस वाटले.

दादांनी वही वाचली, चष्मा काढला आणि विचारले, "हे सगळं ठीक. पण काढायचं कशानं, ते कुठे लिहिलंयस?"

"काढायचेच नाही, दादा. म्हणून तर एवढी परीक्षा घेतली."

"चूक झाली तर?"

"चूक होऊ द्यायची नाही."

दादा हसले. ते हसणे आम्हांला लागले, हे कबूल केले पाहिजे. चाळीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसाला आपल्या वहीवर कोणी हसलेले सोसत नाही.

दोन्ही फलकांवर २०१६ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, रूळ बसले. दादांची रीत अशी. प्रथम बुचाच्या पत्र्याची पट्टी पांढऱ्याने चिकटवायची. वाळली की तिच्यावर पांढऱ्याचा अगदी पातळ हात फिरवून रूळ ठेवायचे, टाचण्या टोचायच्या आणि वर जुनी पाठ्यपुस्तके ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत त्या खोलीत जायचेच नाही. रुळांच्या प्रत्येक जोडावर पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट. मग बारीक खडी ब्रशने स्लीपरांमध्ये पसरायची, पाण्याचा फवारा मारून ती ओली करायची आणि निम्मे पांढरे, निम्मे पाणी व भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब असे मिश्रण ड्रॉपरने सोडायचे. साबणामुळे पाण्याचा ताण कमी होतो आणि मिश्रण गोळा न होता खडीत झिरपते. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ मात्र थेंबही पडू द्यायचा नाही, नाही तर सांधा कायमचा एकाच बाजूला राहतो. वाळल्यावर पांढऱ्याचा मागमूस उरत नाही. ते प्लास्टिकला धरत नाही, हा आमचा आक्षेप खरा होता. परंतु खडी, बूच आणि पापुद्रा मिळून स्लीपरांना चहूबाजूंनी कवेत घेतात आणि तेवढे पुरते.

आमचे काम एका दुपारी आटोपले. जोडांवर फटी ठेवणे आम्हांला गबाळेपणाचे वाटले, म्हणून टोकाला टोक भिडवून डाख दिला. रूळ असे ताठ बसले, की पाहणाऱ्याने हात जोडावेत! पहिल्याच दिवशी आमच्या डोंगराचा थर्माकोल त्या उग्र साहित्याने खालून खाऊन टाकला, एवढे एक गालबोट लागले. नाताळला दादांची नात, आमचे नातू, शेजारपाजारची मुले जमली. गाडी पुण्याहून निघाली, बोरघाट ओलांडून मुंबईला पोहोचली आणि परत आली. वहिनींनी करंज्या वाटल्या. तो दिवस चांगला गेला.

एप्रिल २०१७ मध्ये आमच्या फलकावर गाडी घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. वाकून पाहिले तर बोरघाटाच्या अलीकडे आमचे दोन्ही रूळ सापासारखे वळले होते. आज त्याचे कारण आम्ही फळ्यावर काढून दाखवू शकतो. पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या उन्हाळ्यात एकेका हातामागे दोन-तीन मिलिमीटरने आखडल्या. स्लीपर फळ्यांबरोबर गेले. डाख दिलेले रूळ मात्र आखडले नाहीत, उलट उष्णतेने केसभर लांबले. त्यांना जायला जागा नव्हती, म्हणून ते बाजूला गेले. दोष चिकटवण्याच्या साहित्याचा मुळीच नव्हता. दोष फळ्यांचा होता, फटींचा होता, म्हणजे आमचाच होता. त्या साहित्याने एवढेच केले, की आमची चूक जशीच्या तशी धरून ठेवली.

त्या दिवशी हे सुचले नाही. आम्ही म्हणालो, की बोरघाटाला दादांचा फलक हलला आणि त्याने आमचे रूळ ढकलले. दादा म्हणाले, "उचलून पुन्हा बसवू." उचलता येणार नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. आम्हांला त्यात टोमणा ऐकू आला. मग बोलण्याला बोलणे वाढले. वडिलांचे नाव निघाले. वडिलांची नोकरी कोणाला लाभली आणि शिक्षण कोणाला मिळाले, इथपर्यंत मजल गेली. ज्या गोष्टी पन्नास वर्षे दोघांनी नीट धरून ठेवल्या होत्या त्या एका दुपारी निखळल्या. आम्ही निघून आलो.

वाचकहो, भांडण म्हणावे असे ते भांडणही नव्हते. चर्चमध्ये भेट होई, लग्नांत एका पंगतीला बसत असू, एकमेकांच्या औषधपाण्याची चौकशी करीत असू. परंतु रेल्वेचा विषय दोघांनीही काढला नाही आणि दादांच्या घरी गेलो तरी मागच्या खोलीत आम्ही पाऊल ठेवले नाही. पुढे कधी तरी बोलू, असे वाटत राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये दादा गेले.

इमारत पाडून नवी बांधायचे ठरले तेव्हा, २०२२ च्या मे महिन्यात, वहिनींचा फोन आला. "भाऊजी, महिनाअखेर जागा सोडायची आहे. ती मागच्या खोलीतली रेल्वे तुम्ही घेऊन जाता का? मला ती भंगारात द्यायला धीर होत नाही."

फलक जिन्यातून उतरणार नव्हते. रूळच काढायला हवे होते. आम्ही दादांच्या नातीला मदतीस घेतले. ती तेव्हा अकरावीत होती. प्रथम दादांचा फलक. कोमट पाण्यात साबणाचे थेंब टाकून फवारा मारला, वर ओली फडकी पसरली आणि अर्धा तास चहा घेत बसलो. मग रंगाऱ्याची पातळ पट्टी स्लीपरांखाली सरकवली. रूळ उठले! खडी ओल्या भातासारखी सुटली, पट्टी अखंड हातात आली. नळाखाली धुऊन वर्तमानपत्रावर पसरली, तर काल दुकानातून आणल्यासारखी दिसू लागली. संध्याकाळपर्यंत दादांची सगळी रेल्वे वर्तमानपत्रावर वाळत पडली होती.

दुसऱ्या दिवशी आमचा फलक. तेथे पाण्याचा उपयोग नव्हता. थिनर लावले तर प्लास्टिकचे स्लीपरच विरघळू लागले. पट्टी घातली तर स्लीपर मोडत. तुकडे तुकडे निघत होते आणि नात काही न बोलता ते पिशवीत भरत होती. आम्ही बोरघाटाकडे सरकत होतो. फलकाच्या शेवटच्या वीतभर भागापाशी पट्टी घातली आणि हात अडखळला. तेथे खडी होती. आम्ही आमच्या फलकावर खडी कधी टाकलीच नव्हती. ती टाकण्याआधीच गाडी घसरली होती.

वर कोमट पाणी सोडले आणि थांबलो. थोड्या वेळाने रूळ अलगद वर आले. खाली बुचाचा नवा तुकडा होता. त्याच्याखाली आमचे जुने साहित्य पात्याने खरवडून फळी साफ केलेली होती, इतकी काळजीपूर्वक की फळीला ओरखडाही नव्हता. वाकडे झालेले आमचे रूळ कापून काढून तेथे नवा तुकडा बसवलेला होता आणि दोन्ही जोडांवर पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट होती.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याच पावसाळ्यात केलं त्यांनी. तीन-चार रात्री बसले होते त्यापाशी. मी म्हटलं, भाऊजींना कळवा. तर म्हणाले, तो येईल तेव्हा गाडी चालवून दाखवीन, बोलायला नको."

"चालत होती का, वहिनी?"

"दर रविवारी. इकडून तिकडे, तिकडून इकडे."

त्यावर आम्हांला काही बोलता आले नाही. नातीने पिशवी बाजूला ठेवली, तो वीतभर तुकडा आमच्या हातातून घेतला आणि नळाखाली धुऊन इतरांपासून वेगळा ठेवला.

आता ते रूळ आमच्या घरी आहेत. फलक एकच आहे, प्लायवूडचा, दोन्ही अंगांनी रंगवलेला. रंगवण्याचे काम आम्ही स्वतः केले आणि कंटाळा केला नाही. नात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे, पण सुटीच्या दिवशी येते. तिने आमची जुनी वही वाचून काढली आणि 'दोष' या रकान्यातली ती नोंद खोडून शेजारच्या रकान्यात लिहिली. हल्लीच्या रेल्वेत काँक्रीटच्या स्लीपरांवर रूळ धरायला वळवलेल्या सळीची स्प्रिंगसारखी पँड्रॉल क्लिप असते, ती घट्ट धरते आणि तरी लवते, असे तिने आम्हांला समजावून सांगितले. आम्ही ते तिच्याकडून नव्याने ऐकून घेतले. तिच्या पणजोबांना हे ठाऊक होते, असे मध्येच म्हणालो नाही. ते मागाहून सांगितले.

कोणास ही हौस करावयाची असल्यास आमचा अनुभव थोडक्यात असा. फलक रंगवून घ्यावा. जोडांवर फट ठेवावी आणि रूळ शक्यतो बेताच्या हवेत बसवावेत. बुचावर पांढऱ्याचा पातळ हात द्यावा, टाचण्या टोचाव्यात, वर वजन ठेवावे आणि एक रात्र धीर धरावा. खडी अगदी शेवटी, गाडी आठवडाभर न घसरता चालल्यावरच टाकावी. बलवान साहित्य डोंगर, पूल, फलकाचे पाय यांसाठी राखून ठेवावे. तेथेही थर्माकोलपासून दूर.

काल संध्याकाळी आम्ही दोघांनी शेवटची पट्टी बसवली. तो वीतभर तुकडा फलकाच्या मधोमध घातला आहे. वर दादांचीच जुनी पुस्तके ठेवली आहेत. हे लिहीत असताना पलीकडच्या खोलीचे दार बंद आहे आणि सौभाग्यवतींना बजावून ठेवले आहे, की उद्या सकाळपर्यंत तेथे कोणी जायचे नाही.